न फुटलेली हंडी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. पत्र्याचा, दोन फाळक्यांचा, आतून कल्हई केलेला. जिनिव्हात डिसेंबरच्या सणाला घरोघर चॉकलेटची तीन पायांची हंडी आणतात. तशा हंड्या माझ्या पोटातून निघत. शत्रू शिड्या लावून तट चढत होता, तेव्हा एका बाईने उकळत्या सूपची हंडी त्याच्या डोक्यावर ओतली, त्या रात्रीची ही आठवण. हंडीत बदामाच्या लगद्याच्या इवल्या भाज्या भरतात. मग घरातले सर्वांत म्हातारे आणि सर्वांत लहान माणूस हातात हात घालून एका बुक्कीत ती फोडतात. ती खळ्ळकन फुटलीच पाहिजे.

माझे धनी एमे द्युव्हिलार. मला ते कापसाने पुसून आरशासारखे ठेवत. वितळलेले चॉकलेट संगमरवरी फरशीवर ओतायचे, पात्याने पसरायचे, गोळा करायचे, पुन्हा पसरायचे. निवत आले की पाते खालच्या ओठाला टेकवायचे. किंचित गार लागले की माझ्यात ओतायचे. असे जमले म्हणजे चॉकलेट आकसते, आपणहून सुटते आणि चकाकते. द्युव्हिलारांची हंडी फुटली की रस्त्यापलीकडे ऐकू येते, असे लोक म्हणत.

एका वर्षी काहीतरी बिघडले. माझ्यात चॉकलेट पडे ते तापलेलेच. गोठल्यावर ते मला चिकटून बसे आणि निघाले तर करडे, डागाळलेले. पात्यावरचा थेंब धन्यांच्या ओठावर तसाच राही. त्यांना पत्ता नसे. त्यांची मुलगी ह्युगेत दुकान सांभाळायची. ती हसायची.

"बाबा, ओठ पुसा! लाळेरं बांधू का?"

"तू तुझं गिऱ्हाईक बघ," ते म्हणत. शब्द जरा जड येत.

सणाच्या आठवड्यात आमच्या जुन्या गिऱ्हाईक पितारबाई कागदाची पिशवी घेऊन दुकानात आल्या.

"हे काय विकलंत हो? सासूबाईंनी आणि माझ्या धाकट्यानं बुक्की मारली, तर हंडी फुटायच्या ऐवजी दबली! जावा अजून हसताहेत. सासूबाई म्हणाल्या, यंदा शत्रू वाचला."

"साचा म्हातारा झालाय, बाई," धनी म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी सुरी घेतली आणि माझ्या पोटाला चिकटलेले चॉकलेट खरवडू लागले. माझी कल्हई सुरीबरोबर निघाली.

ह्युगेत धावत आली. "बाबा, सुरी? लहानपणी मी लावली होती, तर थोबाडीत मारलीत मला!"

"मोडीत घाल त्याला. निकामी झालाय."

तिने फरशीवरचे चॉकलेट पात्यावर घेतले, स्वतःच्या ओठाला लावले आणि चटका बसताच ओरडून मागे सरली. मग तेच पाते हळूच त्यांच्या ओठाला टेकवले.

"कसं लागतंय?"

"गार. अगदी हवं तसं."

ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मिशीआड ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता.

"कधीपासून, बाबा?"

"सप्टेंबरातल्या द्राक्षतोडणीपासून. गप्प बस. डॉक्टर खाटेवर टाकेल. मग हंड्या कोण करणार? तू? थर्मामीटर घेऊन?"

"घेईन थर्मामीटर. तुम्ही खुर्चीवर बसा. हलू नका."

ती समोरच्या औषधवाल्याकडे फोन करायला पळाली. धनी बसले नाहीत. त्यांनी पुन्हा चॉकलेट पसरले, ओठाला लावले, परत लावले, आणि अखेर अंदाजानेच माझ्यात ओतले. माझी फाळकी आवळणारा चिमटा त्यांच्या हाताने धरवेना. ते गुडघ्यावर आले, मग आडवे झाले. मी त्यांच्या हातातच होतो. गरम चॉकलेट त्यांच्या छातीवर सांडत राहिले. त्यांनी ते पुसले नाही.

त्यांना पुन्हा बोलता आले नाही. वसंतात ते गेले. ह्युगेत आता थर्मामीटर लावून, नव्या साच्यांत हंड्या करते. त्या चांगल्या फुटतात. मी खिळ्यावर टांगलेला आहे. ओरखड्यांत गंज धरला आहे.

मित्रांनो, सुरीबद्दल माझी तक्रार नाही. पण मुरलेला हात चुकू लागला की घरचे आधी हसतात, आणि तो माणूस हत्याराला दोष देतो. तुम्ही हसू नका. त्याला उजेडात न्या, त्याच्या तोंडाकडे नीट पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. तो चिडेल, शिव्या देईल. देऊ द्या. शिव्या देता येतात तोवरच वेळ असतो.