उजेड आधी, आवाज मागून

वन्संनी पत्रा वाजवला की प्रेक्षक हसायचे. प्रसंग मात्र हसण्याचा नव्हता. आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात एक म्हातारा बाप खिडकीत दिवा घेऊन उभा असतो. मुलगा होडी घेऊन समुद्रावर गेलेला, आणि वादळ किनाऱ्याकडे सरकत असतं. मी वरच्या प्रकाशखोलीतून वीज चमकवायचे आणि त्याच क्षणी वन्सं गडगडाटासाठी विंगेत टांगलेल्या पत्र्यावर लाकडी मोगरी हाणायच्या. एका प्रयोगाला मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, भांडी पडली वाटतं." झालं. सगळं नाट्यगृह फिस्सकन हसलं आणि बाप बिचारा खिडकीत तसाच उभा. त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात कुणी ना कुणी हसलंच.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. घरात आमचं एका वाक्याच्या पुढे पटत नाही आणि नाटकात एकमेकींवाचून पान हलत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या पत्रा वाजवत होत्या आणि अजून वाजवतात. त्यांना दुसरं काही येत नाही असं नाही, त्यांना दुसरं काही करायचंच नाही.

आमच्या दिग्दर्शकाला सगळे सरकार म्हणतात, कारण तो ऐकतो सगळ्यांचं आणि करतो स्वतःचं. त्याने एके दिवशी चहा पिता पिता सांगून टाकलं, "यापुढे गडगडाट यंत्रावर वाजेल. ताई, तुम्ही आता जरा विश्रांती घ्या."

वन्संनी चहाचा कप अर्धाच ठेवला. घरी येऊन जेवल्याही नाहीत. आणि मी, जी त्यांना दिवसातून दहा वेळा हेकट म्हणते, त्या संध्याकाळी रागाने नुसती फणफणत होते. माझ्या नणंदेला बोलायचं तर मी बोलेन. बाहेरच्याने तिला विश्रांती सांगायचं कारण काय?

त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. वन्संनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बोलावलं. लांब डोंगरावर वीज चमकली. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघी गप्प. बऱ्याच वेळाने तिकडून गुरगुरल्यासारखा आवाज आला.

"मग?" मी म्हटलं. "उजेड आधी, आवाज मागून. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग इतकी वर्षं आपण दोघी नाटकात काय करतोय?"

मी भाजीची जुडी पुढे ओढली.

वन्संनी वाचनालयातून विजेवरची पुस्तकं आणून पालथी घातली होती. त्या सांगत गेल्या आणि मी भाजी निवडत ऐकत गेले. वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कितीतरी पट तापते आणि फाटकन फुगते. त्या फुगण्याचा धक्का म्हणजे गडगडाट. उजेड आपल्यापर्यंत तत्काळ पोचतो. आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात. शिवाय वीज कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा रेंगाळत मागून, म्हणून ती गडगडत राहते. डोक्यावर पडली तर मात्र एकच कडाका.

"लांबच्या विजेला मोगरी हाणते म्हणून लोक हसतात," त्या म्हणाल्या. "तिथे पत्रा मारायचाच नाही. खालची कड धरून सावकाश हलवायचा. आणि वहिनी, तुमची वीजसुद्धा खोटी आहे."

"माझी?"

"तुम्ही एकदाच लावता आणि विझवता. खरी वीज त्याच वाटेने दोन-तीनदा झरझर धावते, म्हणून ती थरथरते."

मी भाजी तशीच टाकून उठले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा चमकलं. मी डोळे फाडून बघितलं. मेली खरंच थरथरत होती.

तालमीला आम्ही वीज आणि गडगडाट वेगळे केले आणि सरकार उखडला. "रंगमंचावरची शांतता म्हणजे खड्डा असतो, ताई. नाटक त्यात पडलं की वर येत नाही."

बापाचं काम करणाऱ्या नटाला आम्ही थोरले म्हणतो. त्यांनीही नाक मुरडलं. "वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मी काय करायचं? नखं कुरतडू?"

"काही करू नका," वन्सं म्हणाल्या. "वाट बघा. तो बाप दुसरं काय करतोय?"

थोरल्यांनी दिवा पुन्हा हातात घेतला. सरकारने कपाळ चोळलं आणि शनिवारचा एक प्रयोग दिला. त्यात कुणी हसलं तर रविवारपासून यंत्र.

शनिवारी नाट्यगृह भरलेलं होतं. तिसरा अंक सुरू झाला. थोरल्यांनी दिवा उचलला आणि मी वीज सोडली, झरझर, तीनदा. मग शांतता. आयुष्यात इतकी लांब शांतता मी ऐकलेली नाही. कुणीतरी खाकरलं. एक खुर्ची करकरली. वन्संना घेरी आली, अशी माझी खात्री झाली. सवयीने माझा हात पुन्हा बटणाकडे जात होता आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. समोर थोरले दिवा धरून उभे होते, मान किंचित तिरकी, कान समुद्राकडे.

मग कुठूनतरी लांबून गडगडाट आला. आधी आवाज नव्हताच, जमिनीत नुसती कंपनं होती. मग तो उलगडत गेला, अडखळला, पुन्हा घरंगळला आणि विरला. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या विजेला वन्सं कमी थांबल्या. तिसऱ्या विजेला माझ्या खोलीच्या खिडकीखालच्या, बाल्कनीतल्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीच्या हातावर बोटं दुमडताना दिसला. तो मोजत होता. त्याची बायको मोजत होती. आवाज आला तेव्हा ती त्याच्याकडे वळून पुटपुटली, "जवळ आलंय." कुणीही काही न सांगता सगळ्या नाट्यगृहाला कळलं होतं की वादळ त्या घराकडे येतंय, आणि त्या वादळात बापाचा मुलगा आहे. चौथी वीज अजून जवळ. थोरल्यांच्या हातातला दिवा हलायला लागला. तालमीत तो कधी हलला नव्हता.

पाचव्या विजेला मध्ये काहीच नव्हतं. माझा उजेड आणि वन्संची मोगरी एकाच क्षणी. ज्यावर लोक इतके दिवस हसत आले तेच, तसंच, तिळभर फरक नाही. अख्खी पहिली रांग खाली वाकली. मोजणाऱ्या गृहस्थाने बायकोला जवळ ओढलं. एक बाई किंचाळली आणि तिने स्वतःच आपलं तोंड दाबलं.

आवाज विरल्यावर थोरले हळूच म्हणाले, "दिवा विझवू नका. तो येतोय." कित्येक प्रयोगांनंतर ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मी रडत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. हे आम्ही केलं होतं, मी आणि माझ्या हेकट नणंदेने.

पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. सरकार माझ्या खोलीत धापा टाकत आला. "उद्याही हेच," म्हणाला. "परवाही. यंत्रवाल्याला मी सांगतो नको म्हणून." आणि आला तसा जिना उतरून पळाला.

खाली पडदा पुन्हा उघडला होता. सगळे नट हात धरून वाकत होते. थोरले मात्र रांगेतून निघाले, विंगेत गेले आणि वन्संना दंडाला धरून घेऊन आले. पडद्यामागच्या माणसाने पुढे यायचं नसतं हा आमच्याकडचा जुना नियम, म्हणून त्या मागे ओढत होत्या. केस विस्कटलेले, घामाने निथळलेल्या, हातात मोगरी तशीच. लोकांना क्षणभर कळेना ही कोण. मग थोरल्यांनी बोटाने आधी वर आभाळाकडे दाखवलं आणि मग वन्संकडे.

लोक उभे राहिले. वन्सं अंधाऱ्या कडेला सरकायला लागल्या. पण दिवे माझ्या हातात होते. नटांवरचे काढले, मागच्या पडद्यावरचे काढले, नाट्यगृहात होते नव्हते तेवढे सगळे दिवे मी माझ्या नणंदेवर टाकले आणि टाळ्या थांबेपर्यंत तिला कुठेही जाऊ दिलं नाही.