हेमाच्या नावचं पत्र

अबोला धरावा तर कळव्याच्या सगुणाबाईच्या पोरांनी! हेमा आणि उत्तम, सख्खी भावंडं, एकाच खोलीत हातभर अंतरावर बसायची आणि मधे आई पोस्टमन. "आई, त्याला सांग, फोन सोड म्हणावं." "आई, तिला सांग, पाच मिनिटं थांब म्हणावं." ती बिचारी मासळी साफ करता करता दोघांचे निरोप पोचवायची. "तुम्हा दोघांना काय तोंडं नाय काय रे?" म्हणून करवादायची. अडीच महिने चालला हा तमाशा.

भांडण फोनवरूनच झालेलं. ठाण्यातल्या एका ऑफिसने मोडीत काढलेला हिरव्या अक्षरांचा कॉम्प्युटर उत्तमने उचलून आणला होता. १९९५ सालीसुद्धा तो म्हाताराच. उत्तमने तो दुरुस्त केला, मोडेम नावाची डबी लावून फोनच्या वायरीला जोडला आणि रोज सकाळी माजिवड्याच्या विश्रामच्या बुलेटिन बोर्डावर जायला लागला. बोर्ड म्हणजे काय, तर विश्रामच्या घरी तसाच एक कॉम्प्युटर फोनला जोडलेला. सकाळी सहा ते साडेआठ फोन लावायचा, आपल्या नावच्या खात्यातली पत्रं वाचायची, दुसऱ्यांना टाकायची आणि निघायचं. एका वेळी एकच माणूस. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला.

अशाच एका सकाळी हेमाला नोकरीसाठी येणारा फोन लागलाच नाही आणि जागा दुसरीला गेली. मग काय विचारता! "तुझ्या त्या डबड्याने माझी नोकरी खाल्ली. यापुढे माझ्याशी बोलायचं नाय!" उत्तम तरी कुठे कमी होता? चूक कबूल करायची सोडून म्हणाला, "नाय बोलणार, जा."

आणि खरंच नाही बोलला. त्याला कावीळ झाली, हॉस्पिटलात टाकला, तरी नाही. नऊ दिवस हेमा कॉटशेजारी बसली. मोसंबी सोलायची, एकेक फोड त्याच्या हातावर ठेवायची. तो खायचा, तिच्याकडे बघायचा. तिला वाटायचं, आता बोलेल. आधी त्याने बोलावं, मग मी आहेच. त्यालाही तसंच वाटत असेल. दहाव्या दिवशी सकाळी ती थर्मासमध्ये पेज घेऊन गेली तेव्हा कॉट रिकामी होती. अरे, एक शब्द टाकायला काय लागत होतं, असं तिने स्वतःला त्यानंतर किती वेळा विचारलं असेल त्याला गणती नाही.

सगुणाबाईने कॉम्प्युटरवर उत्तमची चादर घातली. "त्याच्या हातची वस्तू हाय. कोणी हात लावायचा नाय." अडीच महिने कोणी लावला नाही. मग एका बुधवारी चादर धुवायला काढली तेव्हा हेमाला खाली त्याची वही सापडली. कॉम्प्युटर कसा चालू करायचा, कुठली फ्लॉपी आधी घालायची, विश्रामचा नंबर, सगळं त्याच्या गिचमिड अक्षरात. शेवटच्या पानावर, हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशीची तारीख घालून लिहिलेलं: "हेमाच्या नावाने खातं उघडलं. पत्र टाकलं. लिहिणं म्हणजे काय बोलणं नाय. आता तिला सांगायचं कसं?" खाली तिच्या खात्याचा परवलीचा शब्द.

हेमाने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

आता ते पत्र मिळवायचं, बस्स. दुसरं काही डोक्यात नाही. पण जन्मात तिने त्या यंत्राला बोट लावलं नव्हतं. गुरुवारी कळलं की खाडीच्या दमट हवेने फ्लॉपीला बुरशी धरलीय. शुक्रवारी खणातून दुसरी फ्लॉपी शोधली, तीन तास खपून हिरवी अक्षरं आणली. शनिवारी विश्रामचा फोन लागला, मोडेमची ती कर्कश शीळ वाजली, सगुणाबाई आतून धावत आली, आणि तेवढ्यात लाइन तुटली. रविवार, सोमवार सारखा एंगेज. माजिवडा काय लांब होता? बसने अर्धा तास. पण जाऊन सांगायचं काय? मी उत्तमची बहीण, त्याच्याशी मरेपर्यंत न बोललेली? तिचं मेलीचं पाऊलच उचलेना.

मंगळवारी पावणेआठला शीळ थांबली आणि पडद्यावर बोर्डाचं नाव उमटलं. तिने वहीत बघून एकेक अक्षर शोधून नाव टाइप केलं. असं खातं नाही. पुन्हा टाइप केलं. नाही. तिसऱ्यांदाही नाहीच. मग पडद्यावर आपोआप अक्षरं यायला लागली, इंग्रजी लिपीतलं मराठी.

"मी विश्राम, बोर्ड चालवतो. कोण आपण?"

"उत्तमची बहीण हेमा. कळवा."

"अरे वा! उत्तम आहे कुठे? तीन महिने गायब!"

हेमाने लिहिलं, "उत्तम गेला. कावीळ झाली होती." आणि लगेच विचारलं, "त्याने माझ्यासाठी पत्र टाकलं होतं. ते कुठाय?"

"नव्वद दिवस कोणी उघडलं नाही तर खातं पुसतो मी. जागा पुरत नाही. परवा रविवारी पुसलं. तुमचं एकदाही उघडलेलं नव्हतं. मला माहीत असतं तर... माफ करा हो."

रविवारी. बुधवारीच बसने गेली असती तर! हेमाने पदराचा बोळा तोंडात धरला आणि एका हाताने टाइप केलं, "काय लिहिलं होतं?"

"दुसऱ्यांची पत्रं मी वाचत नाही. खरंच नाही. एवढंच आठवतं, एका पत्रात साठच ओळी बसतात म्हटलं, तर म्हणाला, मला पुरणार नाहीत, दोन टाकतो."

मग साडेआठ वाजले. विश्रामने पुन्हा एकदा माफी मागितली आणि लाइन बंद केली. सगुणाबाई केव्हाची मागे उभी होती. तिला त्या पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं. हेमा मनात मोजत होती: एकशेवीस ओळी, नाहीतर साठाच्या थोड्या वर. शिव्या असतील, नोकरीबद्दल माफी असेल, काय असेल देव जाणे. आता ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"काय गो पोरी, लिवलंय काय त्याने? बोल ना."

हेमाने आईचा हात घट्ट धरला.

"आई, तो बोलला माझ्याशी," ती म्हणाली. "आधी तोच बोलला गं."