दारात फोडायचा नारळ

ललितनं तीन वर्षं खपून गाडी उभी केली आणि त्या तीन वर्षांत संध्यानं त्याचं डोकं खाल्लं. तिला दुसरं काम नव्हतं असं नाही. पण बसायला दोनच जागा, डोक्यावर छप्पर नाही, इंजिन पाठीमागे आणि वजन साध्या गाडीच्या निम्मं, असली बाणासारखी पळणारी वस्तू नवरा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या शेडमध्ये सुटे भाग जोडून बनवतोय म्हटल्यावर कुठली बायको गप्प बसेल? दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे तिनंच लावायला लावले. साठच्या वर काटा गेला तर उतरून एसटीनं जाईन, असं बजावलं. वर दर रविवारी मोकळ्या मैदानावर ‘ब्रेक लागला नाही तर’ याची तालीम.

“एवढी काळजी विमानवाले घेत नसतील,” तो कुरकुरायचा. पण करायचा.

कागदपत्रं झाली तशी दोघं त्र्यंबकेश्वरला दर्शनाला निघाली. सासूबाईंचे, रंगूबाईंचे गुडघे धरलेले. त्यांनी घरूनच सांगितलं, “नारळ देवापुढं ठेवून परत आणा. दारात, गाडीपुढं मीच फोडीन.”

दर्शन झालं आणि ललितला राहवेना. “हरसूलच्या रस्त्याला थोडं जाऊन येऊ. साठच्या आत!” संध्या लगेच तयार झाली. खरं सांगायचं तर तोंडावर वारा घ्यायला तिलाही मजा येऊ लागली होती, पण कबूल कोण करतं?

“नारळ मागच्या पिशवीत टाक,” तो म्हणाला.

“पाना-पकडीत? तेलकट फडक्यात? देवाचा नारळ आहे तो!”

मांडीवर पट्ट्यांचं बक्कल टोचत होतं आणि पायाशी ठेवायचा प्रश्नच नव्हता. तिनं तो दोन सीटच्या मधे ठेवला. गाडीत सुटी वस्तू नको, हा नियमही तिचाच. पण देवाची वस्तू तिनं त्यात धरलीच नाही.

परतताना उतारावर डावं वळण आलं. वळणापुढेच हरसूलच्या बाजाराहून येणारी जीप थांबली होती आणि बाया टोपल्या घेऊन रस्त्यात उतरत होत्या. ललितनं ब्रेकवर पाय दिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“ब्रेक बसत नाहीये!”

संध्यानं खाली पाहिलं. मधला नारळ वळणावर घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली अडकला होता. ती वाकायला गेली, तर पट्ट्यांनी तिला जागेवरच धरलं. समोरच्या एका बाईच्या कडेवर मूल होतं, ते तिला स्वच्छ दिसलं. “बाजूला व्हा!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

ललितनं गियर खाली घेतला, मग आणखी एक. इंजिन पाठीमागे किंचाळलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्यानं गाडी कडेच्या मुरमात घातली आणि खडखडत ती जीपच्या पाच हात अलीकडे थांबली. अगदी रविवारच्या मैदानावर थांबायची तशीच.

मूल कडेवरच होतं. संध्याला हुंदका आला आणि लगेच हसूही फुटलं. जीपमधून उतरलेल्या एका म्हाताऱ्यानं वाकून ललितच्या पायाखालून नारळ ओढून काढला.

“बाई, नारळ फोडायची ही कंची रीत हाय?”

संध्या ललितकडे वळली. “माझी चूक. पिशवीत टाक म्हणाला होतास तू.” तीन वर्षांच्या बोलण्यांचं उट्टं काढायची अशी संधी त्याला पुन्हा मिळाली नसती. ती ऐकायला तयारच होती.

“तालीमही तुझीच होती,” तो म्हणाला.

मग तिनं नारळ घेतला आणि तिथल्याच दगडावर फोडला. बायांना खोबरं वाटलं, पहिला तुकडा त्या मुलाच्या हातात दिला. उरलेलं मुकाट्यानं पाना-पकडीच्या पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

घरी रंगूबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. हातात तेलाचा वास येणारं खोबरं पडल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“अगं, दारात फोडायचा होता ना?”

“हो आई. पण आम्ही घरी पोचणार हे जिथं नक्की झालं, तिथंच फोडला.”

रंगूबाईंनी एकदा मुलाच्या, एकदा सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. गाडीची पूजा राहू दिली आणि आधी त्या दोघांची दृष्ट काढली.