कर्सरसोबत आलेलं गाव

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. अश्लेषा गारखेड्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. वैजापूरच्या एका टँकर कक्षाला तिनंच प्रोग्रॅम करून दिला होता. पडद्यावर मोठा तक्ता, त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक गाव किंवा वस्ती. एखादा टँकर बंद पडला, की त्याच्या गावाची ओळ माउसनं ओढून दुसऱ्या टँकरखाली सोडायची.

एका दुपारी कक्षातल्या इंद्रजीतचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅडम, काल भलतीच ओळ ओढल्या गेली. एका वस्तीवर टँकर गेलाच नाय. ओढताना नुसती करडी पट्टी दिसती. हातात कोणतं गाव हाय तेच कळत नाय."

ती पट्टी प्रोग्रॅमच्या तयार साधनांतून आयतीच मिळालेली. अश्लेषानं तिच्याकडं कधी नीट पाहिलंही नव्हतं.

ती कामाला बसली. आता ओळ उचलली की कर्सरसोबत एक छोटं कार्ड येणार होतं: ठळक अक्षरांत गावाचं नाव, खाली माणसं, जनावरं, शेवटचं पाणी कधी पोचलं ते. पहिल्यांदा कार्ड एवढं मोठं झालं की खालचा तक्ताच झाकला गेला. मग तिनं ते थोडं पारदर्शक केलं, कर्सरच्या बाजूला सरकवलं.

सोमवारी ती वैजापूरला गेली. नवा प्रोग्रॅम सुरू होतो न होतो तोच निरोप आला, एक टँकर रस्त्यात बंद पडलाय. इंद्रजीतनं ओळ उचलली. तक्त्यातून कार्ड अलगद वर आलं. जांभूळवस्ती. खाली माणसं, गुरं, शेरडं.

त्याचा हात मध्येच थांबला.

"काय झालं?" अश्लेषानं विचारलं.

"काही नाय. लई जड वाटलं एकदम."

जपून, दोन्ही हातांनी ठेवावं तसं त्यानं ते दुसऱ्या टँकरखाली सोडलं. मग म्हणाला, "हा टँकर इथं खाली आवारातच भरतोय. डायवर अप्पारावशेजारी बसा, बघून तरी या."

वस्ती अजून दिसतही नव्हती, तेवढ्यात बांधावरची गुरं उभी राहिली. टँकरचा आवाज त्यांना ओळखीचा होता. दाव्याला ओढ देत ती रस्त्याकडं बघत राहिली. बायका हंडे घेऊन निघाल्या. अप्पारावनं पाइप कोरड्या विहिरीत सोडला आणि पाणी खाली दणाणत कोसळलं. ओल्या दगडाचा वास वर आला.

"गाडी बंद पडली म्हनत व्हते," कडूबाई नावाची म्हातारी म्हणाली. "मग ही कुठून आली?"

"दुसरीकडची वळवली," अप्पाराव म्हणाला.

अश्लेषा काठावर उभी होती. तासाभरापूर्वी ही सगळी वस्ती, ही गुरं, ही म्हातारी पडद्यावरून बोटभर सरकताना तिनं पाहिली होती.

कडूबाईनं तांब्या भरून पुढं केला. "घे बाई, उन्हाची आलीस."

अश्लेषानं दोन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्यासकट तांब्या जपून परत दिला.