मानेवरचा निळा नंबर

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा जुना स्पार्क प्लग आहे. दिसायला केवढासा! खाली लोखंडाचे आटे, वर पांढऱ्या चिनीमातीची मान. पण मी ठिणगी पाडल्याशिवाय एवढी मोठी गाडी जागची हलत नसे, म्हणून मला थोडा ताठा होता. आता तो उरलेला नाही.

कारखान्यात माझ्या मानेवर निळ्या शाईने नंबर छापला गेला. तो नंबर म्हणजे माझा स्वभाव. काही प्लग इंजिनातली उष्णता चटकन बाहेर टाकतात, काही ती धरून बसतात. वरून आम्ही जुळ्या भावांसारखे दिसतो. कोणत्या इंजिनाला कोण मानवेल, ते फक्त नंबरच सांगतो.

माझा मालक शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दर रविवारी तो मला बाहेर काढून काजळी खरवडायचा आणि फट तपासायचा. एवढ्यावर थांबला असता तर किती बरं झालं असतं! पण नंतर तो बारीक पॉलिश कागद घ्यायचा आणि माझी मान चकचकीत होईपर्यंत घासायचा.

"एवढं कौतुक कधी माझं केलंत का?" त्याची बायको दारातून म्हणायची.

"तू रुसलीस तर बोलतेस तरी. हा रुसला की गाडी ढकलत घरी आणावी लागते," असं म्हणून तो पुन्हा घासायला लागायचा.

दर रविवारी माझी थोडीशी निळी शाई जायची. त्याच्या ते लक्षात आलं नाही. मला कळत होतं, पण खरं सांगू? मला ते लाड आवडत होते.

वर्षं गेली. बायको गेली, मालकाची नजर अधू झाली, गाडीवर आच्छादन पडलं. माझीही ठिणगी फिकी पडली. एक दिवस तो लेकीला म्हणाला, "मला एकदा तुझ्या मागे बसून धरणापर्यंत जायचंय गं. तुझी आई माझ्या मागे बसून यायची ना, तसं. नवा प्लग तेवढा आण. नंबर जुन्याच्या मानेवर आहे, तोच बघून घे."

लेक दवाखान्यात रक्त तपासायची. चिठ्ठी नसलेली बाटली ती हातातही घेत नसे. ती मला घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने मला उलटंपालटं करून विचारलं, "ताई, नंबर कुठाय यावर?"

तिने माझ्या कोऱ्या मानेकडे पाहिलं. गाडीला कोणता नंबर लागतो ते बाबांना विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण नंबर पुसला गेला हे कळलं तर ते हिरमुसतील, म्हणून तिने विचारायचं टाळलं.

"आटे तेच, लांबी तीच. बसला म्हणजे झालं," दुकानदार म्हणाला.

घरी बाबांनी विचारलं, "तोच मिळाला ना?"

"हो बाबा, तोच."

नवा प्लग बसला आणि मी सीटखालच्या हत्यारांच्या डब्यात गेलो. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. बाबा लहान मुलासारखे हसले. सपाट रस्त्यावर सगळं छान चाललं होतं. धरणाची चढण लागली आणि इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. तो नवा प्लग उष्णता धरून बसणारा होता; या इंजिनाला माझ्यासारखा ती चटकन बाहेर टाकणारा हवा होता. मी डब्यात तडफडत होतो, पण मला वाचा कुठली!

"थांब गं. हा आवाज बरा नाही," बाबा म्हणाले.

"आलंच बाबा, एवढं एक वळण."

त्या वळणावरच गाडी बंद पडली. धरणाचं पाणी दिसायलाही अजून अवकाश होता.

मेकॅनिकने इंजिन उघडून मान हलवली. "पिस्टनला भोक पडलंय. या गाडीचं पिस्टन आता कुठं मिळायचं नाही, काका."

लेकीला रडू आवरेना. "बाबा, मी खोटं बोलले. जुन्या प्लगवर नंबर नव्हताच."

बाबांनी मला मागून घेतलं. माझ्या मानेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग हळूच म्हणाले, "तू नाही गं चुकलीस. मीच घासून घासून घालवला तो."

मित्रांनो, वस्तूंना जरूर जीव लावा, पण हौसेच्या भरात त्यांची ओळख पुसू नका. ठाऊक नसेल ते विचारा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. त्या दुकानात एक प्रश्न विचारला गेला असता, तर एक म्हातारा माणूस लेकीच्या मागे बसून धरणावर पोहोचला असता.

आता मी खिडकीत असतो. रविवारी सकाळी बाबा सवयीने पॉलिश कागद घेऊन येतात आणि चाचपत मला उचलतात. अंगठा माझ्या मानेवरच्या रिकाम्या जागी येतो. मग ते कागदाची घडी करून खिशात ठेवतात आणि मला नुसतं हातात धरून बसून राहतात.