स्पगेटीचा पूल

गुरुवार आला की क्लाराच्या पोटात दुखायचं. शाळेतल्या नर्सने पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, कुणाला काही सापडलं नाही. सापडणार कुठून? गुरुवारी सकाळी एक छोटी बस शाळेच्या दारात यायची आणि निवडलेल्या हुशार मुलांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत घेऊन जायची. दुखणं त्या बसचं होतं.

क्लारा माझी भाची, आठ वर्षांची. मी तिची मावशी, पिरोस्का. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या जुन्या हंगेरियन वस्तीत माझं केस कापायचं दुकान आहे. मला मूलबाळ नाही, त्यामुळे मुलांतलं मला काही कळत नाही, असं माझ्या थोरल्या बहिणीचं, इलोनाचं ठाम मत आहे. क्लारा तिची एकुलती एक.

दुसरीत असताना सगळ्या वर्गाची एक परीक्षा झाली आणि पोरगी शंभर मुलांतल्या सत्त्याण्णवांच्या पुढे निघाली. त्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. इलोनाने कोबीच्या रोलबरोबर प्रत्येक ताटात तो आकडाही वाढला. लोकांनी दोन्ही गोड मानून घेतलं.

आधी क्लारा काहीही करून बघायची, चुकायची आणि स्वतःच हसायची. बसने त्या हुशारांच्या वर्गात जायला लागल्यापासून तिचं हसणं आटलं. एक ओळ लिहायची, खोडायची, परत लिहायची, कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची. स्वेटरच्या गळ्याची किनार चावून चावून ओली करायची. नाताळानंतर त्या वर्गाच्या मिस प्रूइटनी इलोनाला बोलावलं. बाई मनाने चांगल्या, पण नियम त्यांच्या हातात नव्हता. मार्चमध्ये सगळ्यांचं काम तपासतात आणि ज्यांच्याकडून काही येत नाही त्यांना नेहमीच्या वर्गात परत पाठवतात. क्लाराने महिनाभर कोरी पानं दिली होती. तेव्हापासून इलोनाचा जीव टांगणीला लागला.

मार्चच्या तपासणीआधी एकच काम राहिलं होतं, पूल. नुसत्या स्पगेटीच्या कच्च्या काड्या आणि गोंद, एवढ्यावर प्रत्येकाने एक पूल बांधायचा. पालकांना शाळेत बोलावतात त्या संध्याकाळी पुलाखाली बादली टांगायची आणि ज्याचा पूल त्याने पेल्याने वाळू घालत राहायचं, पूल तुटेपर्यंत. तुटला तेव्हा काट्यावर किती पौंड होते, ते फळ्यावर नावापुढे लिहायचं.

क्लाराने पूल माझ्या स्वयंपाकघरात बांधला. घरी इलोना पाठीमागे उभी राहायची आणि तिच्या श्वासाने पोरीला एक काडीही चिकटवता यायची नाही.

"मावशी, हा तुटणारच ना?" तिने एकदा विचारलं.

"तोडायलाच बांधतात म्हणे. शहाण्यांचा कारभार."

ती हसली नाही. "पण कधी तुटेल?"

"ते आधीच कळलं तर मजा काय राहिली?"

"मजा नाहीच आहे," ती म्हणाली, आणि गोंद कधीच वाळला होता तरी तो सांधा चिमटीत धरून बसली.

त्या दिवशी मी इलोनाला फोन केला. म्हटलं, "काढ तिला त्या वर्गातून. पोरगी झुरतेय."

"काढ म्हणे! तुझं काय जातंय बोलायला? आपल्याला कुणी विचारलं होतं का लहानपणी, पोरींनो, तुमच्यात काय आहे म्हणून? तिला विचारतायत, पिरी. पहिल्यांदा आपल्या घरात कुणाला तरी विचारतायत."

मी तो विषय तिथेच सोडला. कारण ती खोटं बोलत नव्हती.

पालकांच्या संध्याकाळी मीही गेले. मुलं तर रंगात आली होती. डेस्मंड नावाच्या पोराचा पूल दोन पौंडांतच कडाडला, तर त्याने कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि टाळ्या मिळवल्या. एका मुलीचा पूल अकरा पौंडांपर्यंत टिकला. मिस प्रूइटनी अकराचा आकडा फळ्यावर मोठा काढला आणि त्याभोवती गोल केला.

मग क्लाराचं नाव पुकारलं. 

बाकीच्यांनी पेले भरभरून ओतले होते. ही पाव पेला घालायची, थांबायची, पुलाला कान लावायची. पूल सुंदर होता, माझी भाची म्हणून सांगत नाही. काटा चारवर आला, पाचवर आला. मधे एक काडी किंचित वाकली. काटा सहावर आला आणि क्लाराने पेला खाली ठेवला.

"छान चाललंय," मिस प्रूइट म्हणाल्या. "घाल अजून."

"बस."

"तुटेपर्यंत घालायची ना, राणी? नाहीतर किती पेलतो ते कळणार कसं?"

"कळलंच पाहिजे का?"

मागे कुणीतरी हसलं, तसं प्रेमानेच. इलोना तरातरा पुढे गेली. तिच्यामागे मी. इलोना वाकून हळूच म्हणाली, "क्लारा, सगळे बघतायत. घाल गं बाळा. तुटला तरी मी रागावणार नाही."

"माहितेय. पण तुटला की मी किती ते सगळ्यांना कळेल. मग ते बदलता नाही येणार."

"अगं, तू नाही, पूल," मी मध्येच बोलले. दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

क्लाराने आईकडे मान वर करून बघितलं. "आई, तू सांग ना. किती झाले की पुरे?"

टोमणा नव्हता तो. दुकानातून दूध किती आणू, असं विचारावं तसं ती खरंच विचारत होती. आकडा मिळाला असता तर तिने तेवढी वाळू घातली असती.

इलोना तिच्याकडे वाकलेलीच होती. म्हण ना, सहा पुष्कळ झाले म्हण, मी मनात म्हणत होते. ती म्हणणारही होती, अजूनही मला तसंच वाटतं. तोंड उघडलं होतं तिने. पण त्याआधी तिची नजर फळ्यावर गेली, त्या गोल केलेल्या अकरावर. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच.

क्लाराला तेवढं पुरलं. हुशार तीच होती, म्हणून तर आम्ही सगळे तिथे जमलो होतो. तिने पेला उचलला आणि वाळूत खुपसून काठोकाठ भरला.

"पुरे झाले," इलोना म्हणाली. "क्लारा, थांब, सहा पुरे आहेत."

क्लारा थांबली नाही. ती पुलाकडे बघतही नव्हती. आईच्या चेहऱ्याकडे बघत ती वाळू ओतत राहिली.