न थांबणारं घड्याळ

स्वानंदी नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात पीएचडी करत होती आणि शनिवारी विद्यार्थिनींच्या फुटबॉल लीगमध्ये रेफ्री म्हणून उभी राहायची. २०२१च्या डिसेंबरात करोनामुळे मैदानं संध्याकाळी पाचला बंद व्हायला लागली, तेव्हा लीगने ऐन हंगामात नियम बदलला. सामना नव्वदऐवजी पन्नास मिनिटांचा, आणि वाया गेलेला वेळ भरून द्यायचा नाही.

पहिल्याच शनिवारी नेमलेला रेफ्री पॉझिटिव्ह निघाला आणि नायमेखन-ब्रेडा सामना स्वानंदीच्या गळ्यात पडला. नायमेखनची कप्तान ऋजुता तिच्याच घरात राहायची. स्वानंदीने हे ब्रेडाच्या कप्तानला, फेनकेला, आधीच सांगून टाकलं.

"माझी हरकत नाही," फेनके म्हणाली.

नायमेखनला अंतिम सामना गाठायला बरोबरी पुरेशी होती. पण गोल ब्रेडाने केला. मग त्यांची एक बचावपटू घोटा धरून खाली बसली. खरंच लागलं होतं तिला, चेहरा पांढराफटक पडला होता. तिला बाहेर न्यायला चार मिनिटं गेली. स्वानंदी सारखी मनगटाकडे बघत होती.

अगदी शेवटी नायमेखनला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत असतानाच पन्नास मिनिटं भरली. स्वानंदीने शिट्टी फुंकली, आणि पाठोपाठ ऋजुताने डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला.

गोल धरला गेला नाही.

घरी ऋजुता बूटही न काढता स्वयंपाकघरात उभी होती.

"चार मिनिटं गेली ना गं आमची?"

"हो."

"दिसत होतं तुला?"

"दिसत होतं. पण नियम तसा होता, ऋजुता."

"मग तुझी काय गरज होती? अलार्म लावला असता तरी चाललं असतं."

स्वानंदीला बसवेना. कपडे धुवायला टाकले, भांडी घासली, पुन्हा तीच भांडी पुसली. शेवटी तिने लीगच्या समितीला लिहिलं: सामना अर्धा तास आधी सुरू करा, पण दुखापतीचा वेळ भरून द्या. बुधवारी उत्तर आलं. सूचना मान्य, अंतिम सामन्यापासून लागू. झालेला निकाल मात्र तोच राहील.

अंतिम सामना ब्रेडा आणि ग्रोनिंगनचा होता. रेफ्री पुन्हा स्वानंदीच. पन्नास मिनिटं संपली तेव्हा ब्रेडा एका गोलने पुढे होतं. ग्रोनिंगनच्या गोलकीपरला लागलं होतं, म्हणून स्वानंदीने तीन मिनिटं वाढवली. त्या तीन मिनिटांत ग्रोनिंगनने दोन गोल केले.

फेनके तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता.

"मागच्या शनिवारचा नियम असता तर आम्ही जिंकलो असतो."

"आणि मागच्या शनिवारी आजचा नियम असता तर तुम्ही कदाचित इथवर आला नसतात," स्वानंदीच्या तोंडून निघून गेलं. फेनके वळून आपल्या संघाकडे गेली.

घरी आल्यावर स्वानंदीने ऋजुताला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ऋजुताला जरा तरी बरं वाटेल.

"बिचारी," ऋजुता म्हणाली. मग तिने खुर्ची ओढली. "लॅपटॉप आण. पुढच्या हंगामाचा नियम पहिल्या सामन्याआधी ठरवा आणि मध्ये त्याला हात लावू नका, एवढं तरी लिहू. आपल्या दोघींच्या सह्या घालू."

दुसऱ्या दिवसापासून देशात पुन्हा लॉकडाऊन लागला. पत्राचं उत्तर मार्चमध्ये आलं: मान्य.